रुग्णालयातील जंतू आणि भेटीला जाणारे हात

व्हिएन्ना शहरातील सार्वजनिक रुग्णालयात १८४६ साली प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी प्रसूती करीत, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी पहिल्या विभागात शंभरातील ११ माता प्रसूतिज्वराने दगावल्या. दुसऱ्यात हे प्रमाण ३ च्याही खालीच राहिले. शहरातील स्त्रियांना हा फरक ठाऊक होता. पहिल्या विभागात दाखल करू नका, म्हणून त्या अक्षरशः पाया पडत. नवल असे, की वाटेतच रस्त्यावर प्रसूत होऊन आलेल्या मातांना हा ताप क्वचितच येई.

याच विभागात इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर साहाय्यक होता. बुडा शहरातील एका सधन किराणा व्यापाऱ्याचा हा मुलगा. दोन्ही विभागांचे मृत्यूंचे आकडे शेजारी शेजारी मांडून त्याने एकेक कारण तपासले. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या विभागातच अधिक होती. मरणासन्न स्त्रीकडे घंटा वाजवीत जाणाऱ्या धर्मगुरूंमुळे इतर स्त्रिया भयभीत होत असतील, म्हणून त्यांचा मार्गही बदलून पाहिला. आकडे हलले नाहीत. पुढे मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी डॉक्टर कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून जखमी झाला आणि त्यातच निवर्तला. त्याच्या शरीरात आढळलेल्या खुणा प्रसूतिज्वराच्याच होत्या. तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट मातांच्या खाटेपाशी येत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत.

मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले.

या कथेचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि खरे तर तोच आजच्या रुग्णालयांना अधिक लागू आहे. ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाचा स्राव होणारा कर्करोग असलेली एक स्त्री दाखल झाली. तपासणीची फेरी तिच्या खाटेपासून सुरू होई. तिला तपासल्यावर हात केवळ साबणाने धुऊन डॉक्टर पुढच्या खाटांकडे वळत. त्या वेळी तेथे प्रसूत झालेल्या बारांपैकी अकरा माता मरण पावल्या. येथे शवाचा संबंधच नव्हता. एका जिवंत रुग्णाकडून दुसऱ्याकडे मृत्यू गेला, तो हातांवरून. त्यानंतर प्रत्येक रुग्णाच्या तपासणीनंतर हात निर्जंतुक करण्याचा नियम झाला. तरीही ज्येष्ठांना हे पटले नाही. डॉक्टरचा हात अपवित्र कसा असेल, हा अहंकार आडवा आला. १८४९ मध्ये सेमेलवाइसची नेमणूक संपली आणि ती वाढवली गेली नाही.

त्या जंतूचे नाव आज स्ट्रेप्टोकॉकस म्हणून सर्वांना परिचित आहे. आता रुग्णालयांत ठाण मांडणारे जंतू निराळे आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा निरोगी माणसांपैकी जवळपास तिघांतील एकाच्या नाकात निमूटपणे राहतो. शस्त्रक्रियेच्या जखमेत शिरला, की उग्र होतो. क्लेबसिएला आतड्यात वसतो. लघवीच्या नळीवाटे मूत्रमार्गात किंवा श्वासयंत्राच्या नळीवाटे फुप्फुसात उतरतो. स्यूडोमोनासला ओल प्रिय. बेसिन, नळाची तोटी, फुलदाणीतील साचलेले पाणी ही त्याची घरे. ॲसिनेटोबॅक्टर याच्या उलट. खाटेच्या कोरड्या कठड्यावरही तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. यांतील अनेकांना आता अखेरची म्हणून राखून ठेवलेली प्रतिजैविकेही लागू पडत नाहीत. म्हणून उपचारापेक्षा अटकावाला मोल आले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल होणाऱ्या शंभरांतील ७ जणांना, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तेथेच नवा संसर्ग जडतो. भारत या दुसऱ्या गटात मोडतो.

डॉक्टर व परिचारिकांच्या हातांविषयी नियम आहेत. भेटीला येणाऱ्यांच्या हातांकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष नसते. व्यापारी कुटुंबांत आजाऱ्याची साता विचारायला जाणे हे कर्तव्य मानले जाते. दुकान वाढवून काका, मामा, व्याही, शेजारचे दुकानदार असे सारे संध्याकाळी एकदमच येऊन पोहोचतात. दिवसभर नोटा मोजलेले, मोबाइल हाताळलेले, लिफ्टचे बटण दाबलेले हात रुग्णाच्या कपाळावरून फिरतात. कोणी खाटेवरच बसतो, कोणी सलाईनची नळी सरळ करून पाहतो. माया खरीच असते, पण जंतू मायेच्या हातावरूनही चालतात.

उपाय साधा आहे. खोलीत शिरताना आणि बाहेर पडताना सॅनिटायझर हाताच्या सर्व बाजूंना, बोटांच्या बेचक्यांत व नखांपाशी २० ते ३० सेकंद चोळावा. अंगठीखाली जंतू दडून राहतात. ती घरीच काढून ठेवलेली बरी. रुग्णाला प्रतिजैविकांनंतर जुलाब लागले असतील, तर सॅनिटायझर पुरेसा नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जंतूचे बीजाणू त्याने मरत नाहीत. साबण आणि वाहते पाणीच वापरावे लागते. जखमेला किंवा नळ्यांना हात लावू नये. तपासायला आलेल्या कर्मचाऱ्याला ‘हात धुतलेत ना?’ असे नम्रपणे विचारण्यात उद्धटपणा नाही. त्याच्या प्रशिक्षणातही हेच शिकवलेले असते. आणि स्वतःला सर्दी, ताप वा जुलाब असतील, तर साता फोनवरूनही विचारता येते.