ताडोब्याच्या जिल्ह्यात क्रीपरचा केक

वाढदिवसाच्या केकवर वाघ असावा, असं चंद्रपूरच्या आजोबांना वाटणं साहजिक आहे. नातवाला मात्र हवा असतो क्रीपर: माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममधला, हिरव्या चौकटींचा, तोंड पाडून बसलेला. मग घरात चर्चा सुरू होते. एवढी मशीनं आणायची कुठून? नेट टिकेल का? पोरं नादी लागली तर? आणि सामानासाठी नागपूरची खेप आलीच! यातल्या बहुतेक शंका ऐकीव माहितीवर उभ्या आहेत. खरा धोका छताला टेकलेल्या फुग्यांत असतो, पण त्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

व्हिडिओ गेमची पार्टी पडद्यासमोरच होते, हा सगळ्यांत पक्का गैरसमज. मुलांना गेममधली पात्रं आणि नियम हवे असतात; ते मिळाले तर यंत्रावाचून अडत नाही. जपानच्या नामको कंपनीने १९८० साली आणलेला पॅक-मॅन घ्या. अंगणात चुन्याच्या रेघांनी वाटा आखल्या की तो तयार. रेघेवरून वाट अडवणारा गडी आट्यापाट्या खेळणाऱ्या विदर्भाला नवा नाही. एका मुलाने पॅक-मॅन व्हायचं, चौघांनी भुतं. गंमत अशी, की मूळ गेममधली चारही भुतं वेगवेगळ्या चालीची आहेत. लाल भूत सरळ पाठीमागे लागतं. गुलाबी भूत पॅक-मॅनच्या चार घरं पुढची जागा गाठायला बघतं. निळं भूत लाल भूत आणि पॅक-मॅन दोघांची जागा पाहून आपली वाट ठरवतं. केशरी भूत लांबून पाठलाग करतं आणि आठ घरांच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळतं. हे नियम मुलांना आधी सांगितले, तर नुसत्या पळापळीचा डावपेच होतो. मूळ खेळात पॅक-मॅनने वेचायचे ठिपके २४० असतात. अंगणात पन्नासेक चिंचोके पुरे. उन्हाळा असेल तर ऊन कलल्यावर डाव मांडावा, आणि जंगलालगतच्या गावात दिवेलागणीच्या आत मुलं घरी पोचवावीत.

गेम म्हणजे मुलग्यांचं काम, ही समजूतही पॅक-मॅनपाशीच मोडते. तो रचणाऱ्या तोरू इवातानी यांना त्या काळच्या व्हिडिओ गेमच्या अड्ड्यांवर मुली आणि जोडपी यायला हवी होती. म्हणून त्यांनी गोळीबार टाळून खाण्यावर खेळ बेतला.

पडदा लावायचाच असेल, तरी नेटवाचून खोळंबा होत नाही. गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने तुटतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा उतरवून घेतलेला माइनक्राफ्ट मात्र एकट्याने नेटशिवाय खेळता येतो. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली आणलेला लुडो किंगही एकाच फोनवर आळीपाळीने चालतो.

सरकारने गेमवर बंदी घातली आहे, असंही कानावर येतं. पबजी मोबाइल २ सप्टेंबर २०२० रोजी बंद झाला, पण सरकारने कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं. खेळातल्या मारामारीचा त्याच्याशी संबंध नव्हता. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद झाले ते पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. माइनक्राफ्टला त्याची झळ नाही. वयाचा प्रश्न वेगळा आणि महत्त्वाचा आहे. युरोपच्या पेगी मानांकनात माइनक्राफ्ट ७ वर्षांपुढच्यांसाठी आहे, तर पबजी १६ वर्षांपुढच्यांसाठी. दुसरीतल्या पोराच्या केकवर बंदूकधारी पबजीवाला बसवण्याआधी हे पाहिलेलं बरं.

एका दुपारच्या खेळाने व्यसन लागतं का? जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला आहे खरा, पण निदानासाठी साधारण बारा महिने टिकलेली लक्षणं लागतात: खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. रोजच्या वापराचं पथ्य मात्र आहेच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांच्या आतच पडदा सांगितला आहे.

आता सामान. क्रीपरला नागपूर गाठायची गरज नाही, कारण त्याचा चेहरा आठ गुणिले आठ, म्हणजे बुद्धिबळाच्या पटाइतक्याच ६४ घरांचा असतो. किराणा दुकानातल्या खोक्याला हिरवा कागद चिकटवून घरं आखायची. वरच्या दोन ओळी मोकळ्या सोडायच्या. तिसऱ्या-चौथ्या ओळीत दुसरं, तिसरं, सहावं, सातवं घर काळं करायचं, झाले डोळे. पाचवीत मधली दोन, सहावी-सातवीत मधली चार, आठवीत तिसरं आणि सहावं. एकूण २० काळी घरं. हे ध्यानही मुळात चुकून जन्मलं: माइनक्राफ्टचा निर्माता मार्कस पर्सन डुक्कर बनवत होता आणि लांबी-उंचीची मापं उलटी पडली.

थर्माकोलचा क्रीपर कुणी सुचवला तर नको म्हणावं. सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. काड्या बुरडाकडे बांबूच्या मिळतात. चंद्रपूर-गडचिरोलीत बांबूला काय तोटा! बॅनरऐवजी जुन्या चादरीवर रंगवलेला पडदा टांगावा. झाडीपट्टीची नाटकं पाहत वाढलेल्या घरात पडदा रंगवायला कुणी ना कुणी निघतंच.

आणि ते फुगे. गॅसचे फुगे निरुपद्रवी, असं मानून ते केकच्या आसपासच बांधले जातात. हेलियम पेटत नाही हे खरं, पण तो महाग. स्वस्त फुग्यात बऱ्याचदा हायड्रोजन असतो, आणि तो मेणबत्तीच्या ज्योतीने भडकतो. केक कापताना तोंडावर मारायच्या फेसाच्या स्प्रेमध्येही बहुधा ज्वलनशील वायू असतो. त्यामुळे फुगे पंपाने साध्या हवेचे भरावेत, आणि मेणबत्ती पेटलेली असताना स्प्रे कुणाच्या हाती देऊ नये. फुटलेल्या फुग्याचे रबरी तुकडे लगेच उचलावेत. लहान मुलाच्या घशात ते अडकले तर श्वास कोंडतो.