धडधड होते का, बाई?

‘काळजी वाटते का?’ असं आमच्या वसईतल्या गरोदर बाईला विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘नाही हो!’ शेजारी सासू बसलेली असते ना. ‘छातीत धडधड होते का, रात्री डोळा लागतो का?’ म्हटलं, की ती बोलू लागते.

बाळंतिणीचं नैराश्य ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली १९८७ साली स्कॉटलंडमधून आली. ती आता गरोदरपणीही वापरतात. तिच्यातलं एक इंग्रजी वाक्य शब्दाला शब्द ठेवून आणलं, तर ‘सगळं माझ्या डोक्यावर चढतंय’ असं होतं. आपल्याकडे डोक्यावर चढतं ते लाडावलेलं पोर! इथे ‘झेपत नाही’ हेच हवं. म्हणून मराठी मजकूर दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करवून मूळ वाक्याशी ताडून पाहतात. शिवाय सामवेदी, वाडवळी, वारली बोलणाऱ्या बायकांना तो वाचून दाखवावा लागतो.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ती कोकणीतून वापरली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे २३ टक्के बाळंतिणींना नैराश्य आढळलं. गरिबी आणि नवराबायकोतला बेबनाव यांचा त्यात मोठा वाटा होता.

दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचाराचा. तो मी सासूबाईंना चहा टाकायला पाठवूनच विचारते. ‘कधी कधी’ असं उत्तर आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.