बंद असूनही मिणमिणणारा अलार्म : सॉलिड स्टेट रिले कुठे वापरावा, कुठे नाही?

मामांच्या गावी दूध संकलन केंद्र आहे. तिथल्या बल्क कूलरमध्ये दूध ४ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. तापमान वाढलं तर कळावं म्हणून मी सेन्सर, वायफाय बोर्ड आणि सॉलिड स्टेट रिले (एसएसआर) वापरून बाहेर लाल एलईडी दिवा लावला. एसएसआर का? तर टिकटिक आवाज नाही, झिजणारे कॉन्टॅक्ट नाहीत. मला वाटलं, भारीच काम झालं!

पण अलार्म बंद असतानाही दिवा मंद मिणमिणायचा. मी म्हटलं, चालतंय. एका रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला, दिवा पूर्ण पेटला, पण कुणी लक्षच दिलं नाही. "तो तर रोजच लागलेला असतो रे," मामा म्हणाले. सकाळपर्यंत दूध नासलं होतं.

चूक कुठे झाली?

साध्या रिलेमध्ये कॉन्टॅक्ट खरोखर वेगळे होतात. एसएसआरमध्ये आतला छोटा एलईडी प्रकाश टाकतो आणि ट्रायकसारखा सेमीकंडक्टर करंट सोडतो. तो 'बंद' असतानाही काही मिलिअँपिअर करंट गळतो. मोटरला त्याने फरक पडत नाही, पण एलईडी दिव्याला तेवढा पुरतो. दिव्याला समांतर एक झिरोचा बल्ब जोडला की हे मिणमिणणं थांबतं.

खरा धोका वेगळाच

एसएसआर जळतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो, म्हणजे कायम 'चालू' राहतो. शिवाय एसी एसएसआरवर १२ व्होल्ट डीसी हूटर लावला तर तो एकदा वाजल्यावर थांबतच नाही, कारण ट्रायक बंद व्हायला करंट शून्यावर यावा लागतो. डीसीसाठी डीसी एसएसआरच घ्या.

आता मी काय केलंय?

साधा रिले लावलाय, तोही उलट्या पद्धतीने. सगळं ठीक असेल तोवर कॉइलला सप्लाय मिळतो. तापमान वाढलं, वायर तुटली किंवा लाईट गेली की कॉइल सुटते, एनसी कॉन्टॅक्ट जुळतो आणि बॅटरीवरचा हूटर वाजतो. इथे एसएसआर शॉर्ट झाला असता, तर त्याने कायम 'सगळं ठीक' असंच सांगितलं असतं! मोबाईलवर नोटिफिकेशन येतंच, पण लाईट गेली की वायफायही जातं, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नका.

मग एसएसआर वाईट का? अजिबात नाही. थ्रीडी प्रिंटरचा बेड किंवा हीटर सतत चालू-बंद करायला तोच हवा. फक्त १० अँपिअरला तो साधारण १० ते १५ वॅट उष्णता काढतो, त्यामुळे हीटसिंक हवाच.

आणि हो, एसएसआर 'बंद' आहे म्हणून २३० व्होल्टच्या वायरला हात लावू नका. आधी एमसीबी पाडा, जोडणी वायरमनकडून करून घ्या. आठवड्यातून एकदा सेन्सर कोमट पाण्यात बुडवून हूटर वाजतो का बघा. मामा आता दर सोमवारी बघतात.