अवयव टिकवण्याचे शास्त्र आणि नीती : गैरसमज व वस्तुस्थिती

अतिदक्षता विभागाबाहेर समन्वयक अवयवदानाचा विषय काढतात, तेव्हा नातेवाइकांच्या मनात दुःखाबरोबर संशयही असतो. इतकी घाई कशासाठी? अवयव कुठे ठेवतात? कुणाला देतात? हा संशय स्वाभाविक आहे. तो दूर व्हायचा तर अवयव कसा टिकवतात आणि त्या कामाला कोणती बंधने आहेत, हे सर्वांना आधीपासून ठाऊक असायला हवे.

गैरसमज १ : रक्तपेढीसारखी अवयवांचीही पेढी असते.

वस्तुस्थिती : हृदय, यकृत, मूत्रपिंड साठवून ठेवणारी पेढी कुठेही नाही. शरीराबाहेर काढून थंड ठेवलेले हृदय साधारण ४ ते ६ तास टिकते, फुप्फुसे ६ ते ८, यकृत ८ ते १२ आणि मूत्रपिंड २४ ते ३६ तास. म्हणून तर पोलिस रस्ता मोकळा करून ग्रीन कॉरिडॉर देतात. पेढी असते ती ऊतींची. नेत्रपटल खास द्रावात सुमारे दोन आठवडे राहते, तर त्वचा ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत. मुंबईच्या शीव रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. घरी मृत्यू झाला तरी साधारण सहा तासांच्या आत डोळे आणि त्वचा दान करता येते.

गैरसमज २ : अवयव बर्फात गोठवून नेतात.

वस्तुस्थिती : गोठला तर अवयव वाया जातो. पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच रक्तवाहिन्यांतून थंड द्राव सोडून रक्त धुऊन काढतात. मग अवयव एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांत घालून शीतपेटीत ठेवतात. पेटीत बर्फ असतो, पण त्याचा थेट स्पर्श अवयवाला होऊ देत नाहीत. तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास राखले की पेशींची प्राणवायूची गरज खूप घटते. थंडीत पेशी सुजतात, ही मोठी अडचण होती. १९८० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदार्ड यांनी लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज असलेला द्राव तयार करून तिच्यावर उपाय शोधला. यकृत दूरच्या शहरात पाठवणे त्यामुळे सोपे झाले.

गैरसमज ३ : अवयव मिळावेत म्हणून डॉक्टर उपचार आवरते घेतात.

वस्तुस्थिती : आपला १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा नेमका याचाच बंदोबस्त करतो. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने प्रमाणित करावा लागतो. सर्व चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना या मंडळात स्थान नसते. तोपर्यंतचा प्रत्येक उपचार त्या रुग्णासाठीच असतो.

गैरसमज ४ : व्हेंटिलेटर चालू ठेवला, म्हणजे अजून आशा आहे.

वस्तुस्थिती : मेंदूमृत्यू प्रमाणित झाला की कायद्याने तो मृत्यूच. हृदय धडधडते ते व्हेंटिलेटरमधून प्राणवायू मिळत असल्यामुळे. अवयव टिकवण्याचे काम खरे तर इथेच सुरू होते. मेंदूचे नियंत्रण गेल्यावर रक्तदाब कोसळतो, शरीर गार पडू लागते आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक बनेनासे झाल्याने लघवी बेसुमार होते. हे सारे औषधांनी सावरावे लागते. आता ही धडपड दुसऱ्या कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठी आहे, हे नातेवाइकांना स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवे. त्यांनी दानाला नकार दिला, तर त्या निर्णयाचाही मान राखायला हवा.

गैरसमज ५ : दानानंतरचा खर्च घरच्यांच्या माथी येतो.

वस्तुस्थिती : दात्याचे शरीर सांभाळणे, अवयव काढणे, टिकवणे आणि पोहोचवणे याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही. अवयव कुणाला मिळणार हेही कुटुंब किंवा शल्यविशारद ठरवत नाहीत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे प्रतीक्षा यादीनुसार वाटप करतात. शरीर नीट शिवून सन्मानाने घरच्यांच्या स्वाधीन केले जाते.

गैरसमज ६ : आता यंत्रे आली, वेळेची चिंता मिटली.

वस्तुस्थिती : यंत्रांनी वेळ वाढवला आहे, पण सगळीकडे नाही. २०२१ मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी इतर रुग्णालयांनी नाकारलेले यकृत यंत्रावर तीन दिवस जिवंत ठेवून रुग्णाला बसवले. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने १०० दिवसांपर्यंत अतिशीत स्थितीत ठेवलेल्या मूत्रपिंडांचे प्रत्यारोपण यशस्वी केले, पण ते उंदरांमध्ये. नव्या तंत्रांबरोबर नवे प्रश्नही येतात. हृदय थांबून मृत्यू झाल्यावर पंपाने शरीरात पुन्हा रक्त फिरवायचे आणि मेंदूकडे जाणारा प्रवाह मात्र रोखायचा, अशी एक पद्धत काही देशांत वापरली जाते. ती मृत्यूच्या व्याख्येलाच धक्का देते, असे म्हणत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०२१ मध्ये ती थांबवण्याची सूचना केली. त्यावर वाद अजून चालू आहे.

दोन गती इथे एकमेकींना लागून आहेत. मृत्यू ठरवण्याचे आणि संमती घेण्याचे काम सावकाश, तपासून व्हायला हवे. संमतीनंतरची धावपळ मात्र मिनिटामिनिटाची असते. पहिल्या टप्प्यात घाई झाली तर लोकांचा विश्वास जातो, दुसऱ्यात उशीर झाला तर अवयव जातो. आपल्याकडे दात्याने अर्ज भरलेला असला, तरी शेवटी विचारणा नातेवाइकांनाच होते. म्हणून आपली इच्छा कार्डावर लिहून थांबू नका, घरच्यांना समोर बसवून सांगा. त्या कठीण घडीला निर्णय त्यांनाच घ्यायचा आहे, आणि तुमचे मत माहीत असेल तर तो घेणे त्यांना थोडे सोपे जाईल.