विश्लेषण : रस्त्यावरच्या मुलांसाठी दिलेली देणगी नेमकी कुठे कामी येते?

आर्थिक वर्ष संपत आले की मोबाइलवर मदतीची आवाहने वाढू लागतात. ‘एका जेवणाच्या खर्चात एका बेघर मुलाचे शिक्षण’ अशा धाटणीची ओळ आणि सोबत डोळ्यांत पाणी असलेल्या एखाद्या मुलाचा फोटो. देणाऱ्याची भावना खरी असते आणि करसवलतीचे गणितही त्याच्या डोक्यात असते. पण संस्था ‘निवारा देते’ म्हणजे नेमके काय करते, रस्त्यावरचे मूल ती थेट उचलून आणू शकते का आणि आवाहनातला तो फोटो कायद्यात बसतो का, याची माहिती बहुतेकांना नसते. देणगी योग्य जागी पोहोचणे बरेचसे याच माहितीवर अवलंबून असते.

रस्त्यावरची मुले म्हणजे अनाथ मुले?

बहुतेक वेळा नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार, आयोगाच्या ‘बाल स्वराज’ पोर्टलवर तोपर्यंत रस्त्यावरच्या १७,९१४ मुलांची नोंद झाली होती. त्यांपैकी ९,५३० मुले कुटुंबासोबत रस्त्यावर राहणारी होती. ७,५५० मुले दिवसा रस्त्यावर असत आणि रात्री जवळच्या वस्तीत परतत. एकटी राहणारी मुले होती ८३४, म्हणजे शंभरात जेमतेम पाच.

हा आकडा पूर्ण नाही हेही लक्षात घ्यायला हवे. टाटा समाजविज्ञान संस्था आणि ‘अ‍ॅक्शनएड’ यांनी २०१३ मध्ये केलेल्या गणनेत एकट्या बृहन्मुंबईत ३७,०५९ मुले आढळली होती. एका शहरातली संख्या नऊ वर्षांनंतरच्या देशभरातल्या नोंदीच्या दुपटीहून अधिक भरते. याचा अर्थ मुले कमी झाली असा नसून नोंद तोकडी आहे, असाच लावावा लागतो. मूल आज दादरला, उद्या कल्याणला आणि पावसाळ्यात गावाकडे असते. शिधापत्रिका आणि पत्ता यांवर चालणाऱ्या व्यवस्थेला ते दिसत नाही.

तरीही प्रमाण बोलके आहे. देणगीदाराच्या डोळ्यासमोर असते फलाटावर एकटे झोपलेले मूल. प्रत्यक्षात बहुतेकांना आई-बाप आहेत. नाही ते घर, कागदपत्र आणि शाळा. दोन्ही प्रकारच्या मुलांना लागणारी मदत वेगळी असते.

फलाटावर मूल सापडले की पुढे काय होते?

एकट्या मुलांचा मोठा ओघ रेल्वेतून येतो. रेल्वे सुरक्षा दलाने ‘नन्हे फरिश्ते’ या मोहिमेत २०१८ ते मे २०२४ या काळात ८४ हजारांहून अधिक मुलांना स्थानकांवरून आणि गाड्यांमधून ताब्यात घेऊन सुरक्षित केले. कोणी घरी मार खाल्ला म्हणून निघालेले असते, कोणी परीक्षेत नापास झाले म्हणून, कोणाला कामाच्या आमिषाने आणलेले असते, तर कोणाला फक्त मुंबई पाहायची असते.

अशा मुलाला कोणी सद्भावनेनेही परस्पर घरी किंवा आश्रमात नेऊन ठेवू शकत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार हरवलेले, टाकून दिलेले किंवा आधार नसलेले मूल ज्याच्या ताब्यात येईल, त्याने २४ तासांच्या आत चाइल्डलाइन, पोलीस, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मुलाला बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते.

ही समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत किमान एक महिला असावी लागते. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि महिन्यात किमान २० दिवस तिची बैठक व्हायला हवी. बैठक नसेल त्या दिवशी मुलाला एका सदस्यासमोरही हजर करता येते. मूल तात्पुरते कुठे राहील हे समिती ठरवते, गृहचौकशी अहवाल मागवते आणि मुलाला प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश देणे अपेक्षित असते.

कायद्यात हे सरळ वाटते, पण फलाटावर ते तसे घडत नाही. पळून आलेले मूल पहिल्या दिवशी खोटे नाव सांगते, गावाचे नाव सांगत नाही, गणवेशातल्या माणसाला तर मुळीच सांगत नाही. त्याला खायला देऊन, शेजारी बसून, दोन-चार दिवस खोट्याला खोटे न म्हणता ऐकून घ्यावे लागते. एकदा ते स्थानकावर रुळले, बाटल्या वेचून पैसे मिळू लागले, नशेचा रुमाल हातात आला की परत फिरवणे कितीतरी अवघड होते. म्हणून या क्षेत्रातल्या संस्थांचा भर मूल गाडीतून उतरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांवर असतो. रात्री दोन वाजता फलाटावर हजर असलेला कार्यकर्ता हा या कामाचा खरा पाया आहे. पण त्याच्या पगारासाठी कोणी सहज देणगी देत नाही.

१०९८ या क्रमांकाची गोष्टही इथेच सांगायला हवी. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून ही सेवा सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. अनेक वर्षे फोनच्या दुसऱ्या टोकाला आणि प्रत्यक्ष मदतीला संस्थांची माणसे होती. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने राज्य सरकारांकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. क्रमांक तोच राहिला, पण जबाबदारी आता जिल्ह्याच्या सरकारी यंत्रणेवर आहे.

मग निवारा कशासाठी?

‘सलाम बॉम्बे’ हा मीरा नायर यांचा चित्रपट १९८८ मध्ये आला. त्यात मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांनीच कामे केली होती. त्या चित्रपटाच्या उत्पन्नातून ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला आणि मुंबई व दिल्लीत आजही काम करतो. दिल्लीत स्थानकाजवळच्या पहाडगंजच्या गल्ल्यांतून पाहुण्यांना फिरवणारे वाटाडे हे कधीकाळी त्याच रस्त्यांवर राहिलेले तरुण आहेत. अशा संस्थांचे निवारे साधारण दोन प्रकारचे असतात. खुले निवारागृह हे थोड्या काळासाठी असते : मूल येते, आंघोळ करते, जेवते, झोपते, औषधपाणी होते. बालगृहात मात्र समितीच्या आदेशाने दीर्घकाळ राहता येते.

पण कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिले आहे की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. आधी कुटुंब, मग नातेवाईक किंवा पालक-कुटुंब आणि काहीच शक्य नसेल तर संस्था. रायचूरमध्ये १९९२ पासून सुरू असलेल्या ‘साथी’ने रेल्वेवरच्या मुलांना घरी पोहोचवणे हेच मुख्य काम मानले. मुंबई-ठाणे पट्ट्यातील ‘समतोल फाउंडेशन’ अशा मुलांसाठी सुमारे दीड महिन्याचे ‘मनपरिवर्तन शिबिर’ घेते आणि त्यानंतर त्यांना पालकांच्या स्वाधीन करते. मूल पळाले त्याला घरातले काहीतरी कारण असते. ते तसेच असेल तर पुढच्या गाडीने ते परत येते. तोवरचा हा काळ त्यासाठी लागतो.

त्यामुळे ‘आमच्याकडे इतकी मुले राहतात’ हा आकडा संस्थेच्या यशाचा पुरावा ठरत नाही. किती मुले घरी गेली, सहा महिन्यांनी त्यांतली किती घरीच होती आणि किती शाळेत जात होती, हे विचारायला हवे. हे आकडे फलकावर लिहायला आकर्षक नसतात.

आई-बाप रस्त्यावरच असतील तर?

तर मुलाला त्यांच्यापासून तोडून बालगृहात ठेवणे हा उपाय होत नाही. ठाण्यात पूर्व द्रुतगती महामार्गावरच्या तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये सुरू झालेली ‘सिग्नल शाळा’ याच प्रश्नातून उभी राहिली. मराठवाड्यातील दुष्काळी भागांतून आलेली, बहुतांशी पारधी समाजाची कुटुंबे पुलाच्या आसऱ्याला होती. त्यांची मुले सिग्नलला गजरे आणि खेळणी विकत. ही मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पुलाखाली न्यावी, असे ठाणे महापालिका आणि ‘समर्थ भारत व्यासपीठ’ यांनी ठरवले. मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग भरू लागले. आधी आंघोळ, मग जेवण, मग फळा. २०१९ मध्ये या शाळेतील दोन मुले दहावी उत्तीर्ण झाली, तेव्हा त्याच पुलाखालून रोज जाणाऱ्या ठाणेकरांनाही नवल वाटले.

शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुरूप वर्गात बसवून त्याला विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. ही तरतूद असूनही दहा वर्षांच्या मुलाला एकदम पाचवीत बसवले की ते आठवड्याभरात परत सिग्नलला दिसते. त्याला अक्षर येत नाही आणि वर्गातली भाषा घरच्या भाषेहून वेगळी असते. शिवाय त्या दिवसाची कमाई बुडालेली असते. पुढे जातीचा दाखला, आधार, बँक खाते यांसाठीच्या खेपा वेगळ्याच. अशा संस्थांमध्ये शिक्षकाइतकाच वेळ तहसील कार्यालयाच्या रांगेत जातो.

सरकार पैसे देते, मग देणगी कशाला?

केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत अनुदानित संस्थेला एका मुलाच्या निर्वाहासाठी महिन्याला ३,००० रुपये मिळतात. म्हणजे दिवसाला शंभर रुपये. तीन वेळचे खाणे, कपडे, साबण, वह्या सगळे यातच. मूल कुटुंबातच राहावे यासाठी प्रायोजकत्व योजनेत महिन्याला ४,००० रुपये दिले जातात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजार, तर इतरत्र ९६ हजार रुपयांपेक्षा जास्त नसावे, अशी अट आहे. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पण या साऱ्यासाठी अर्ज, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि समितीचा आदेश लागतो. पुलाखालच्या कुटुंबाकडे रहिवासाचा पुरावा कुठून येणार? ही दरी भरण्यासाठी देणगीचा सर्वाधिक उपयोग होतो.

लोकांना मात्र वस्तू द्यायला आवडतात. वाढदिवसाला बालगृहात केक कापला जातो, दिवाळीत एकाच आठवड्यात फराळाचे खोके येतात आणि जूनमध्ये वह्यांसाठी फोन करत बसावे लागते. जुने कपडे तर वर्षभर येतात. समुपदेशकाचा पगार, रात्रपाळीची माणसे, मुलाला धाराशिव किंवा गोरखपूरपर्यंत सोडायला जाणाऱ्या कार्यकर्त्याचे तिकीट याला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून नाके मुरडली जातात. वास्तविक या क्षेत्रात मूळ काम तेच आहे. त्यामुळे एकदाच दहा हजार देण्यापेक्षा दरमहा पाचशे-हजार रुपये देणारा देणगीदार संस्थेला जास्त उपयोगी पडतो. त्याच्या भरवशावर माणूस नेमता येतो.

पैसे देण्याआधी काय पाहावे?

पहिली गोष्ट, मुले मुक्कामी राहत असतील तर संस्थेची बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खालील नोंदणी. ती पाच वर्षांसाठी असते आणि अनुदान मिळो वा न मिळो, ती प्रत्येक संस्थेला लागते. न्यासाची नोंदणी किंवा ‘८०जी’ प्रमाणपत्र हा तिला पर्याय नाही. नोंदणीशिवाय मुले ठेवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. इथे प्रश्न केवळ कागदाचा नाही. नोंदणी नसलेल्या जागेत कोणती मुले आहेत, कुठून आली आणि कुठे गेली, हे कोणालाच ठाऊक नसते. मुलांच्या तस्करीला अशाच जागा सोयीच्या पडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे फोटो. कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलाचा चेहरा आणि करुण कहाणी सांगून पैसे मागणारी चित्रफीत कितीही हेलावून टाकणारी असली, तरी ती संस्थेबद्दल चांगले काही सांगत नाही. उद्या ते मूल वीस वर्षांचे होईल आणि ती चित्रफीत तेव्हाही इंटरनेटवर असेल.

बाकी हिशेब पाहणे त्यामानाने सोपे आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. ते संस्थेकडेही मागता येतात. न विचारता कोणालाही आत येऊन मुलांसोबत वेळ घालवू देणाऱ्या संस्थेपासून मात्र सावध राहिलेले बरे.

करसवलत आणि परदेशातून देणगी

‘८०जी’ची वजावट जुन्या कररचनेतच मिळते आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. परदेशातील मराठी मंडळांतूनही अशा संस्थांसाठी निधी जमतो. तिथे पासपोर्ट कोणता हे महत्त्वाचे ठरते. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्यांची, म्हणजे ओसीआय कार्डधारकांची, रक्कम मात्र विदेशी मानली जाते. ती घेण्यासाठी संस्थेकडे परकी योगदान कायद्याखालील नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते लागते.

अठरा पूर्ण झाल्यावर काय?

बालगृहातील मूल अठराव्या वाढदिवशी कायद्याने प्रौढ होते. अनुरक्षण सेवेची तरतूद २१ वर्षांपर्यंत आहे आणि अपवादात्मक स्थितीत ती २३ पर्यंत वाढवता येते. पण खोली भाड्याने घ्यायची तर अनामत रक्कम आणि ओळखीचा माणूस लागतो, आयटीआयला बसचे भाडे लागते आणि नोकरीच्या अर्जावर कायमचा पत्ता विचारतात. बारावी झालेल्या मुलाचा फोटो आवाहनात तितकासा चालत नाही. त्यामुळे लहान मुलांसाठी देणगी मिळवणाऱ्या संस्थांनाही या तीन वर्षांसाठी पैसे उभे करणे सर्वात जड जाते. संस्थेला फोन करणाऱ्या देणगीदाराने ‘तुमच्याकडे आत्ता सतरा वर्षांची मुले किती आहेत?’ एवढे विचारले, तरी बोलणे वेगळ्या दिशेने सुरू होते.