टाकीतलं हिरवं पाणी



हल्ली बांधावर एखादा तरी गाठून विचारतो, "साहेब, स्पिरुलिनाची टाकी बांधू का? त्यातनं तेल निघतं, रंग निघतो म्हणं."

निघतो, खोटं नाही. हे शेवाळ बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या खाऱ्या सरोवरात आपसूक वाढते. आपल्या विहिरीच्या पाण्यात मात्र त्यासाठी खाण्याचा सोडा घालावा लागतो. तेल अगदी थोडे. खरी किंमत निळ्या रंगाला. शेवाळ गोठवून वितळवले की पेशी फुटतात आणि रंग पाण्यात उतरतो. उष्णतेने तो उडतो, म्हणून गुऱ्हाळासारखी काहील चढवून भागत नाही.

आता हिशेब बघा. एक टन उसातून आपल्याकडे १२० किलोच्या आसपास साखर पडते. उघड्या टाकीतले एक टन पाणी गाळले तर वाळलेले शेवाळ अर्धा ते एक किलो, त्यात रंग जेमतेम शंभर ग्रॅम! शेवाळ चार दिवसांत पुन्हा वाढते हे खरे, पण गाळण, वाळवण रोजचीच.

आमच्या गटातल्या एकाने 'माल आम्हीच उचलू' या एजंटाच्या शब्दावर टाक्या बांधल्या. एजंट फिरकला नाही, भुकटीची दोन पोती माळ्यावर आहेत.

खड्डा काढण्याआधी खरेदीचा लेखी करार घेऊन या. मंगळवारी मी गट ऑफिसात असतो.

— ऊस विकास अधिकारी