बंद पडलेल्या वायपरची गोष्ट

दुपारचे चारच वाजले होते, पण ताम्हिणी घाटात दिवे लावावेत असा काळोख होता. माणगावच्या नातेवाइकांकडचे कार्य आटोपून आम्ही पुण्याला परतत होतो. गाडी १९७१ सालची फियाट. शेजारी पत्नी, मागे सात वर्षांची नात. जुलैतला पाऊस कोसळत होता आणि एका वळणावर वायपर काचेच्या मध्यावर आले, थबकले, एकदा हुंदका दिल्यासारखे हलले आणि थांबले. पाठोपाठ जळक्या वार्निशचा वास आला. समोरचा रस्ता, दरी, कठडा सारे एका पांढऱ्या पडद्याआड गेले.

गाडी कशीबशी कडेला घेतली. वायपरना दोरी बांधून दोन्ही खिडक्यांतून आळीपाळीने ओढायची, ही युक्ती लहानपणापासून ऐकलेली. नातीच्या केसांची रिबीन बांधून ओढून पाहिली. वायपर तसूभर हलले नाहीत. शेवटी मागून आलेल्या एका टेम्पोच्या ड्रायव्हरने खिशातून तंबाखूची पुडी काढली, ओली केली आणि साऱ्या काचेवर चोळली. पाण्याचे थेंब फुटून त्याचा एकसंध पातळ थर झाला आणि थोडेफार दिसू लागले. "माझ्या मागच्या दिव्यावर नजर ठेवा काका," असे म्हणून तो पुढे निघाला. पौड येईपर्यंत आमच्या गाडीत कोणी एक शब्द बोलले नाही.

घरी पोचल्यावर मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, आता पुरे."

त्याचे चुकले, असे मी म्हणणार नाही. वायपर ही चैन नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये वायपरसाठी स्वतंत्र नियम आहे, १०१ क्रमांकाचा. पण कायदा बाजूला ठेवला तरी नातीला मागे बसवून आंधळ्या गाडीत घाट चढणाऱ्या आजोबांच्या बाजूने बोलायला फारसे काही उरत नाही. प्रश्न असा होता, की गाडी विकायची की वायपर बरे करायचे? आणि बरे करायचे तर कोणाकडून?

ही गाडी माझ्या वडिलांची. ते साताऱ्याकडे डॉक्टर होते. मोटार हवी म्हटले की नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहायची, असा तो काळ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडत. १९६४ पासून आलेल्या '११०० डिलाइट'पैकी आमची एक. पुढे हीच गाडी 'प्रीमिअर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. रात्री-अपरात्री बाळंतपणाचा निरोप आला की वडील याच गाडीने निघत. पावसात निघताना आधी वायपर चालू करून पाहायचे आणि मगच बॅग आत ठेवायची, ही त्यांची सवय. त्या सवयीचा अर्थ मला कळायला ताम्हिणी घाट यावा लागला.

वायपर नावाची वस्तू मोटारीइतकी जुनी नाही. मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंनी १९०३ साली काच पुसण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात आत बसलेल्या माणसाने हाताने दांडा फिरवायचा होता. नंतर इंजिनच्या ओढीवर, म्हणजे निर्वातावर चालणारे वायपर आले. त्यांची गंमत अशी, की चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होई आणि नेमके गरजेच्या वेळी वायपर मंदावत. विजेच्या मोटरीने हा प्रश्न सोडवला. पाव किलो साखरेच्या डब्याएवढी मोटर. तिच्या आत फिरणारे आर्मेचर, त्यावर तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर, त्याला टेकलेले दोन कार्बन आणि पुढे वर्म व दातेरी चाक. ही जोडी मोटरीचा वेग कमी करून जोर वाढवते, पण ती एकाच दिशेने काम करते. मोटर चाकाला फिरवते, चाक मोटरीला फिरवू शकत नाही. रिबीन ओढून वायपर का हलले नाहीत, याचे उत्तर हे असे दातांत लपलेले होते.

मी आधी पुण्यात शोध घेतला. ओळखीच्या गॅरेजवाल्याने सल्ला दिला, की आजच्या एखाद्या गाडीची मोटर पट्टी कापून बसवू, कटकट मिटेल. हा मार्ग वाईट नाही, पण मोटरीची फेक आणि वायपरचा कोन जुळला नाही, तर पाती काचेबाहेर जातात किंवा एकमेकांत अडकतात. शिवाय मला मूळ मोटर हवी होती. हा हट्ट निव्वळ भावनेचा नव्हता. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी सुरू केली. तिच्यात गाडी मूळ स्वरूपात असणे ही मुख्य अट आहे. अशी गाडी मग रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच बाहेर काढायची. आमची गाडी अजून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून जुन्याच नोंदणीवर आहे. पण उद्या तिला त्या मालिकेत जायचे झाले, तर कापाकापी आड येईल.

म्हणून मोटर भरून घ्यायचे ठरवले. शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर जळते तेव्हा तो ती 'भरायला टाकतो', तीच ही विद्या. एका पेठेतल्या तिशीतल्या कारागिराने आठशे रुपयांत मोटर भरून दिली. वायपर झकास चालले. आठ दिवस! नवव्या दिवशी पुन्हा तोच वास. मी त्याच्याकडे परत गेलोसुद्धा नाही. फसवले, असे मनाशी ठरवून टाकले आणि पुढचे दोन महिने जो भेटेल त्याला हे सांगत राहिलो.

त्यानंतर मुंबई. ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानांत 'फियाटची वायपर मोटर' म्हटले, की जुने दुकानदार प्रेमाने हसतात आणि नवे ऐकून घेतात. कुर्ल्याच्या भंगारात एक मोटर मिळाली. वरून रंग ताजा, आतून गंज. मुंबईत या मोटरींची विद्या टॅक्सीवाल्यांनी जिवंत ठेवली होती. पण पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईक गेले तसे कारागीरही पांगले. मात्र निवृत्त झालेल्या एका टॅक्सीवाल्याने डोके खाजवून सांगितले, "भायखळ्याला एक चाचा आहेत. असतील तर."

चाचा होते. मूळचे राजापूरकडचे, वय शहात्तर, मराठी आपल्यापेक्षा गोड. खोपटीएवढ्या गाळ्यात ट्यूबलाइटखाली बसलेले. मी पिशवीतून मोटर काढून समोर ठेवली आणि पुण्याच्या कारागिराची कर्मकहाणी सुरू केली. चाचांनी मोटरीला हातही लावला नाही. विचारले, "हळूहळू मंदावली की एकदम थांबली?"

"आधी मंद. मग थांबली."

"आणि दांडे कुठे आहेत?"

"कसले दांडे?"

"वायपर ज्याच्यावर फिरतात ते. मोटर सोडवून वायपर हातानं फिरवून बघितलेत?"

मी बघितले नव्हते. चाचांनी मग खिळ्याने मोटरीच्या अंगावर आणि टोपणावर एक आडवी खूण ओढली. काही मोटरींचे टोपण अर्धा फेरा चुकून बसले, तर मोटर उलटी फिरते, म्हणून खोलण्याआधी खूण. आर्मेचर बाहेर काढून त्यांनी ग्राउलरवर ठेवले, भिंगातून जळकी वेटोळी पाहिली आणि म्हणाले, "भरणाऱ्यानं चांगली भरलीय. तार बरोबर, वळणं सारखी, वार्निशसुद्धा भाजून पक्कं केलंय. त्या पोराला नावं ठेवू नका."

मग दोष कोणाचा? चाचांनी तो समजावून सांगितला, तो असा. फिरणारी मोटर स्वतःच आलेल्या विजेला उलटा दाब देत असते, त्यामुळे तारेतून माफक वीज जाते. मोटर अडली की हा उलटा दाब नाहीसा होतो आणि तारेतून कैक पट वीज धावते. वायपरच्या दांड्यांना वर्षानुवर्षे ग्रीस नसेल, जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झाले असेल, तर मोटर दर फेऱ्याला कुस्ती खेळते. तापते, मंदावते, आणखी तापते आणि जळते. नवी भरा, तीही जळणार.

"पण फ्यूज उडायला हवा होता," चाचा म्हणाले.

मी गप्प. फ्यूज दोन वर्षांपूर्वी सारखा उडू लागला, तेव्हा मीच त्याच्या जागी जाड तार गुंडाळली होती. फ्यूज बिचारा दोन वर्षे दांडे आवळल्याची वर्दी देत होता. मी त्याचे तोंड बंद केले होते.

पुढच्या खेपेस दांडे घेऊन गेलो. चाचांनी ते रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून मोकळे केले, मग मोटर भरली. काम कसे करावे हे मी तिथे बसून पाहिले. जुनी तार उलगडताना प्रत्येक वेटोळ्याची वळणे त्यांनी मोजली. कॉम्युटेटर लेथवर हलकासा साफ करून पट्ट्यांमधला मायका तांब्यापेक्षा किंचित खाली कोरला, म्हणजे कार्बन त्यावर अडखळत नाही. मी मदत म्हणून एमरी पेपर पुढे केला, तर हात झटकला. "याचे कण पट्ट्यांत अडकले तर वीज गळते. साधा काचपेपर द्या." मोटर जोडून झाल्यावर ती टेबलावर नुसती फिरवून दाखवली नाही. दांडे जोडले, वीज मोजायचा काटा लावला आणि अर्धा तास चालू ठेवली. मधूनमधून तिच्या अंगावर तळहात ठेवीत होते, ताप पाहतात तसा. वडिलांची आठवण झाली.

वाचकांपैकी कोणाच्या दारात जुनी गाडी असेल, तर या वणवणीतून मला जे कळले ते सांगून टाकतो. भरवशाचा कारागीर भाव सांगण्याआधी प्रश्न विचारतो. तो मोटरीबरोबर दांडेही मागवतो. खोलण्याआधी खूण करतो. बदललेले कार्बन आणि जळकी तार पुडीत बांधून परत देतो. मोटर नुसती फिरवून न दाखवता तिला काम लावून दाखवतो. जमणार नसेल तर 'नाही' म्हणतो आणि तारीख देताना कचरतो. आणि गिऱ्हाईकही भरवशाचे लागते. निदान ते फ्यूजच्या जागी तार गुंडाळणारे नसावे.

निघताना चाचांनी एक वही दाखवली. शाळेची दोनशेपानी, कडा तेलाने काळ्या झालेल्या. प्रत्येक मोटरीचे चित्र, तारेचा गेज, वेटोळी, वळणांचा आकडा, सारे पेन्सिलीने. आता बाजारात न मिळणाऱ्या गाड्यांची ती कुंडलीच. मुलगा बँकेत आहे, त्याला यात रस नाही. तसे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. "डोळे साथ देतात तोवर करायचं." मी परवानगी घेऊन आमच्या मोटरीचे पान कागदावर उतरवून घेतले.

पुण्यात आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या पेठेतल्या कारागिराकडे गेलो. दोन महिने ज्याला लबाड ठरवले, त्याच्यासमोर उभे राहणे सोपे नव्हते. जे घडले ते सांगितले, माफी मागितली. त्याने ऐकून घेतले. माफीत त्याला फारसे स्वारस्य दिसले नाही. तो म्हणाला, "काका, दांडे मागायला हवे होते, ते माझंही चुकलं." मग माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत त्याने विचारले, "चाचा वळणं किती घालतात?"

मी कागद दिला. त्याने तो उजेडात धरला, आकडे ओठातल्या ओठात म्हटले आणि मग म्हणाला, "भायखळ्याचा पत्ता लिहून द्या. रविवारी माझी सुटी असते."

गाडी विकलेली नाही. रात्रीच्या पावसात ती काढत नाही आणि नातीला घेऊन घाट चढत नाही, हा मुलाशी केलेला तह आहे. डॅशबोर्डाखाली योग्य क्षमतेचा फ्यूज बसवला आहे. पावसात बाहेर निघताना मी आधी वायपर चालू करतो, दोन फेरे पाहतो आणि मगच छत्री आत ठेवतो.

पेठेतला कारागीर आतापर्यंत चार रविवार भायखळ्याला जाऊन आला आहे. वही अर्धी उतरवून झाली, असे परवा सांगत होता.